एस्टिमेटरची जागा आणि मुलांचा बायोडाटा



या पानावर आम्ही बहुधा बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. पण ऊस नोंदीसाठी गट ऑफिसात येणारे बरेच सभासद हल्ली पिशवीतून मुलाचा किंवा मुलीचा बायोडाटा काढून दाखवतात. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला असतो, ठेकेदारांकडे एस्टिमेटरच्या जागेसाठी अर्ज गेलेले असतात, आणि उत्तर कुठूनच नाही. म्हणून कारखान्याच्या सिव्हिल खात्यातील मंडळींना विचारून हे लिहीत आहोत.

एस्टिमेटर म्हणजे कामाचा खर्च आधी सांगणारा माणूस. नकाशावरून खोदाई, काँक्रीट, लोखंड, वीटकाम, गिलावा यांचे माप काढायचे, प्रत्येक बाबीला दर लावायचा आणि निविदेचा आकडा तयार करायचा. आकडा फुगला तर काम दुसऱ्याला जाते. कमी पडला तर काम मिळते, पण ठेकेदार बुडतो.

आता बायोडाटात काय असते? ‘मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे.’ बरं, मग? ‘ऊस झकास आहे’ म्हटल्यावर आपण लगेच विचारतो, एकरी किती टन? ठेकेदारही तेच विचारतो. त्याऐवजी, खरोखर केले असेल तर, असे लिहावे : ‘१४० चौरस मीटरच्या दुमजली घराचे नकाशावरून मोजमाप काढले. २६ बाबींचे अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवरून केले. पाच बाबींचे दर पृथक्करण स्वतः केले.’ दरसूची कोणत्या वर्षाची तेही लिहावे; जुन्या दरावरचे अंदाजपत्रक म्हणजे गेल्या हंगामाच्या भावाने यंदाचा हिशेब. मोजमाप आय.एस. १२०० प्रमाणे घेतले असेल तर तसा उल्लेख जरूर करावा. ‘कॉम्प्युटर येतो’ एवढ्याने भागत नाही. एक्सेलमध्ये लोखंडाचा तक्ता केला, ऑटोकॅडच्या नकाशावरून लांबी-रुंदी घेतली, असे काम सांगावे.

अनुभव नाही म्हणणाऱ्यांनी गावातच तो मिळवावा. कुणाचा गोठा, कुणाचे घर चालू असतेच. माप घ्या, अंदाज काढा आणि काम झाल्यावर खऱ्या बिलाशी ताडून पाहा. फरक पडणारच. पायात खडक लागला, वाळू लांबून आणावी लागली, हे कारण ज्याला सांगता येते त्याच्याकडे ठेकेदार लक्ष देतो. तो फरक आणि त्याचे कारण बायोडाटात एका ओळीत लिहायला लाजू नये. आमच्या मते ती ओळ सगळ्यात मोलाची.

मात्र न केलेले काम लिहू नये. मुलाखतीत समोर कागद सरकवतात : स्लॅब ५ मीटर बाय ४ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, सिमेंट किती? काँक्रीट अडीच घनमीटर. एकास दीडास तीन या मिश्रणाला घनमीटरला सुमारे ८ पोती, म्हणजे २० पोती, वर थोडी घट. लोखंडाचेही तसेच. सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरचे वजन किलोत येते. १२ मिलिमीटरची सळई ०.८८९ किलो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे तोंडावर हवे.

नवख्याला एक पान पुरे. उंची, वजन, वडिलांची जमीन यांची तिथे गरज नाही. सरकारी कनिष्ठ अभियंत्याची भरती परीक्षेतून होते, त्यामुळे हा बायोडाटा खाजगी ठेकेदार, बिल्डर व सल्लागार यांच्यासाठी समजावा. रस्त्याची कामे घेणाऱ्याकडे अर्ज असेल तर मातीकाम आणि खडीचे माप वर घ्यावे, इमारतवाल्याकडे काँक्रीट व लोखंड. मुलाखतीला जाताना गोठ्याच्या मोजमापाचे मूळ कागद, खाडाखोडीसकट, बरोबर न्यावेत.