युरेनसचा पुसट पट्टा

युरेनसवरची हवा बाटलीत भरून कोण आणणार, बाळांनो? तिथून आपल्याकडे येतो तो प्रकाश, तोही सूर्याचाच, तिथल्या हवेत शिरून परत फिरलेला. वाटेत एखाद्या वायूने त्यातला थोडा गिळला, की वर्णपटात तेवढ्या जागी काळा पट्टा पडतो. तिथे मिथेन आहे हे असंच कळलं होतं.

१९४९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी आणखी एक पट्टा दाखवला. ८२७ नॅनोमीटरवर, म्हणजे तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात. रुंद, पुसट, आणि कुणाचा ते कळेना.

हायड्रोजनचा म्हणावा, तर अडचण होती. त्याच्या रेणूत दोन अगदी सारखे अणू, विद्युतभार दोन्हीकडे समसमान. अवरक्त प्रकाशाला धरायला जवळजवळ जागाच नाही. गोल, गुळगुळीत लोटा सांडशीत धरून बघा, निसटतोच. पण त्याला पोचा आला की पकड मिळते. हायड्रोजनची खूप दाटी झाली की रेणू एकमेकांवर आदळतात, टकरीपुरता भार एका बाजूला झुकतो आणि प्रकाशाला पकड सापडते. टोरांटोत भौतिकशास्त्रज्ञ वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी हे दाखवलं होतं. टक्कर क्षणात संपते, म्हणून पट्टा रेखीव उमटत नाही, पसरतो. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच, की तो पुसटपणाच ओळखीची खूण होता!

ती पटवली गेरहार्ड हर्झबर्ग यांनी. पत्नी लुईझ ज्यू घराण्यातली, म्हणून १९३५ मध्ये जर्मनी सोडून कॅनडात आलेला हा माणूस. त्यांनी हायड्रोजन नळीत कोंडला, आपल्या हवेच्या शंभरपट दाबाने. उणे १९५ अंशांपर्यंत थंड केला. आरशांमधून प्रकाश पुन्हा पुन्हा मागेपुढे धाडला, इतका की त्या वायूतून त्याची ८० मीटर वाट झाली. मग वर्णपट घेतला. ८२७ च्याच जागी तसाच पट्टा! १९५२ मध्ये त्यांनी ते छापलं आणि युरेनस-नेपच्यूनवरच्या हायड्रोजनचा थेट पुरावा हाती आला.

पुढे ओटावात, हर्झबर्ग यांच्याच नावाच्या संस्थेत, ताकेशी ओका यांनी १९८० मध्ये तीन हायड्रोजन अणूंच्या धनभारित रेणूच्या अवरक्त रेषा पकडल्या. तोवर अवकाशातून आलेल्या वर्णपटात तो कुणालाही दिसला नव्हता. १९८९ मध्ये जाहीर झालं, की गुरूच्या ध्रुवीय प्रकाशातल्या काही अनोळखी रेषा त्याच रेणूच्या आहेत.