झिजलेली पिन

दाराची बिजागरी प्रत्येकाने पाहिलेली असते. फळी कितीही जड असली, तरी तिचे फिरणे बिजागरीतील बोटाएवढ्या पिनेवर अवलंबून असते. ही पिन झिजली की दार खाली लोंबते, उंबरठ्याला घासते आणि कालांतराने चौकटीचे स्क्रूही सैल होतात. दोष पिनेचा असतो. नुकसान मात्र दाराला व चौकटीला सोसावे लागते. यंत्रांच्या बाबतीतही असेच घडते. माती, वाळू, विटा उचलणाऱ्या छोट्या लोडरच्या उदाहरणावरून ते आपण समजून घेऊ.

छोटा लोडर म्हणजे आखूड बांध्याचे, जागच्या जागी वळणारे यंत्र. त्याच्या दोन बाजूंना दोन लांब आर्म असतात आणि त्यांच्या टोकांना बकेट जोडलेली असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुईस केलर या भावांनी १९५७ मध्ये अशा यंत्राचा पहिला नमुना तयार केला. टर्की पक्ष्यांच्या बंदिस्त गोठ्यातील घाण काढण्यासाठी एका शेतकऱ्याला अरुंद जागेत वळणारे, हलके यंत्र हवे होते. तो नमुना तीन चाकांचा होता. १९६० मध्ये त्याचे चार चाकांचे रूप आले आणि १९६२ पासून ते ‘बॉबकॅट’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

आता आपल्याकडे वळू. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलईजवळ उतई हे गाव आहे. भिलईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेचे रूळ या कारखान्यात तयार होतात. पोलादाच्या अशा शेजारात राहणाऱ्यांनाही एक गोष्ट विसरता येत नाही : पोलाद कठीण असले तरी झिजते. उतईत एखादे घर बांधले जात आहे आणि तेथे छोटा लोडर दिवसभर वाळू भरत आहे, अशी कल्पना करा. प्रत्येक खेपेला बकेट वर उचलली जाते, पुढे कलते, पुन्हा मागे येते. हा सारा भार आर्मच्या टोकाशी असलेल्या पिनांवर पडतो. वाळूचा बारीक कण सांध्यात शिरला, की सहाणेवर चंदन उगाळावे तशी पिन उगाळली जाते.

यंत्र तयार करणाऱ्यांनी या झिजेचा विचार आधीच केलेला असतो. पिन थेट आर्मच्या भोकात फिरत नाही. भोकात बुश नावाची धातूची नळी घट्ट बसवलेली असते आणि पिन तिच्या आत राहते. पिन आणि बुश झिजावेत, पण आर्म झिजू नये, अशी ही योजना आहे. स्वस्त भागाने झीज सोसायची आणि महाग भाग राखायचा, हे तिचे सूत्र होय. वेळच्या वेळी पिन व बुश बदलले, तरच या योजनेचा उपयोग होतो.

झीज कशी ओळखावी? बकेट डावी-उजवीकडे खुळखुळते, उचलताना ठक्क असा आवाज येतो, सांध्याभोवती लोखंडाची चकाकणारी भुकटी दिसते. सांध्यात १ मिलिमीटरची फट पडली, तरी बकेटच्या पात्याशी ती कितीतरी मोठी हालचाल होऊन दिसते. खात्री करण्यासाठी पिन बाहेर काढून तिची जाडी व्हर्निअर कॅलिपरने दोन ठिकाणी मोजतात : एकदा न घासलेल्या टोकाशी आणि एकदा बुशमध्ये फिरणाऱ्या भागाशी. या दोन मापांतील फरक म्हणजे झीज.

पिन बदलताना यंत्र सपाट जमिनीवर उभे करावे. बकेट काढून ठेवावी आणि आर्म खाली आणून जोडणीची चौकट लाकडी ठोकळ्यांवर टेकवावी. इंजिन बंद करून, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायड्रॉलिक तेलाचा दाब उतरवावा. त्यानंतर पिन अडवून धरणारा बोल्ट काढून पिन ठोकून बाहेर काढावी. मात्र कठीण पिनेवर थेट हातोडा मारू नये. तिचा टवका उडून डोळ्यात जाऊ शकतो. मध्ये पितळेचा दांडा धरावा आणि चष्मा लावावा. भोके एका रेषेत आली का, हे बोट घालून कधीही पाहू नये. चौकट किंचित सरकली तरी बोट तुटू शकते.

नवा बुश बसवण्याची युक्ती आपल्या ओळखीची आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून मोठी करतात. थंड झाल्यावर ती आवळून बसते. येथे उलटे करतात. बुश थंड केला की तो आकसतो. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी बुश ४० अंश सेल्सिअसने थंड केला, तर त्याचा व्यास सुमारे ०.०२४ मिलिमीटरने कमी होतो. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी असला, तरी बुश भोकात सरळ सरकण्यास त्याची मदत होते. शेवटी पिन घालून, कडेने ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे. आतले ग्रीस बाहेर पडताना धूळही सोबत नेते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या वेळा पाळून ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

हे काम पुढे ढकलले तर काय होते? सैल पिन प्रत्येक खेपेला हादरे देते. बुश फुटतो आणि पिन थेट आर्मवर घासू लागते. गोल भोक लांबट होते. मग नवी पिनही त्यात टिकत नाही. भोकात वेल्डिंग भरून, विशेष यंत्राने ते पुन्हा कोरावे लागते. काही तासांच्या कामाच्या जागी यंत्र अनेक दिवस उभे राहते, आणि त्याच्यावर पोट असलेल्या चालकाची व मजुरांची मजुरी बुडते. त्याहून मोठा धोका जिवाचा आहे. भरलेली बकेट वर असताना पिन तुटली, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला सावरायला क्षणही मिळत नाही. म्हणूनच पिन नवी असो वा जुनी, उचललेल्या आर्मखाली त्याला आधाराचे लॉक लावल्याशिवाय जाऊ नये.

सांध्यातून पहिला आवाज येतो, तेव्हा केवळ पिन आणि बुश बदलून भागते. तो आवाज ऐकून यंत्र थांबवणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. तो दुरुस्तीचाच पहिला भाग आहे.