वसईहून क्युशूला : एका दुभाष्याचा प्रवास

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव परिसरातील शहरांना ओळखीचे आहे ते तेथील जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवी धरणाचे पाणी येथे शुद्ध होऊन औद्योगिक वसाहतींना आणि नागरी वस्त्यांना पुरवले जाते. या परिसरातून वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणजवळ खाडीचे रूप घेते आणि वसईच्या किल्ल्यापाशी अरबी समुद्राला मिळते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच खाडीच्या मुखावरून साधारण पंधरा वर्षांचा एक मुलगा धर्मकार्यातील मदतनीस म्हणून जपानच्या क्युशू या ज्वालामुखींच्या बेटाकडे निघाला. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

त्याच बेटावरील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी गार्सिया यांना क्रुसावर देहदंड देण्यात आला. पुढे ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला रोमन कॅथलिक चर्चने संत म्हणून घोषित करण्याची ही पहिलीच वेळ होती. मात्र ज्या जेझुइट संघासाठी त्यांनी तारुण्यातील सुमारे आठ वर्षे खर्ची घातली, त्या संघाने त्यांना कधीही सदस्य करून घेतले नाही. ज्याच्या जिभेवाचून काम अडते, पण ज्याला पंक्तीत स्थान मिळत नाही, अशा माणसाची ही कहाणी आहे.

पोर्तुगीज अमलातील वसई

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मधील तहान्वये वसई व भोवतालचा प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. तेव्हापासून मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी किल्ला जिंकेपर्यंत, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ, वसई हे गोव्याखालोखाल महत्त्वाचे पोर्तुगीज ठाणे होते. येथे जहाजबांधणी चाले, व्यापार चाले आणि त्यांच्या जोडीने फ्रान्सिस्कन, जेझुइट आदी धर्मसंघांचे मठ व शाळाही उभ्या राहिल्या.

गार्सिया यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज सैनिक आणि आई स्थानिक कोकणी स्त्री, असे बहुतेक चरित्रांत सांगितले जाते. वसईतील जेझुइटांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथील धर्मगुरूंच्या सहवासात त्यांना पूर्वेकडील कार्याची ओढ लागली आणि १५७०च्या दशकाच्या प्रारंभी ते जपानला जाणाऱ्या धर्मगुरूंसमवेत निघाले.

जपानची वाट त्याआधी दोन दशके खुली झाली होती. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये गोव्याहून प्रस्थान केले, तेव्हा अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ त्यांच्यासोबत होता. गोव्यातच १५४८ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ही मंडळी क्युशूच्या दक्षिण टोकावरील कागोशिमा येथे उतरली.

वाऱ्याच्या तालावरचा प्रवास

आज काही तासांत होणारा हा प्रवास त्या काळी वर्षभराहून अधिक काळ चाले. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत. गोव्याहून साधारणतः एप्रिल-मेमध्ये निघालेले जहाज मलाक्कामार्गे चीनच्या किनाऱ्यावरील मकाऊ येथे पोहोचे. तेथे चिनी रेशमाची खरेदी होई आणि नैर्ऋत्य वाऱ्यांची वाट पाहत पुढील उन्हाळ्यापर्यंत मुक्काम पडे. जून-जुलैमध्ये अनुकूल वारा मिळाला, की जहाज दोन ते चार आठवड्यांत क्युशू गाठत असे. रेशीम देऊन जपानी चांदी घ्यायची आणि हिवाळी वाऱ्यांवर मकाऊला परतायचे, असे या व्यापाराचे गणित होते. धर्मगुरू आणि त्यांचे मदतनीस याच व्यापारी जहाजांतून प्रवास करीत.

वादळे, चाचे आणि स्कर्व्हीसारखे आजार यांमुळे या मार्गावर मनुष्यहानी मोठी होई. पत्राचे उत्तर यायला दोन-तीन वर्षे लागत. वसईतील कुटुंबाच्या दृष्टीने पंधरा वर्षांच्या मुलाचे जपानला जाणे म्हणजे जवळपास कायमचा निरोपच होता.

जिवंत अग्नीचे बेट

ठाणे जिल्ह्यातील रहिवाशांना ज्वालामुखीचा दगड नवीन नाही. जांभूळ, बदलापूर परिसरातील टेकड्या आणि १०६० सालचा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर ज्या काळ्या पाषाणाचे आहे, तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडून थिजलेला लाव्हारस. आपल्याकडील ही आग केव्हाच विझली. क्युशूमधील आग मात्र आजही जिवंत आहे.

फिलिपाईन समुद्राखालील भूपट्ट क्युशूच्या खाली सरकत असल्याने तेथे खोलवर खडक वितळून शिलारस तयार होतो आणि ज्वालामुखींच्या वाटे वर येतो. बेटाच्या मध्यभागी असलेल्या आसो ज्वालामुखीचे महाकुंड उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर लांब असून त्याच्या आत गावे व शेती आहे. झेवियर ज्या कागोशिमाला उतरले, त्याच्या समोरच्या उपसागरात साकुराजिमा हा ज्वालामुखी आहे. १९१४ मधील उद्रेकात त्याच्या लाव्हाने सामुद्रधुनी भरून टाकली आणि हे बेट ओसुमी द्वीपकल्पाला जोडले गेले. नागासाकीच्या पूर्वेला उन्झेन पर्वत आहे. १७९२ मध्ये तेथील डोंगरकडा समुद्रात कोसळून उसळलेल्या लाटांसह सुमारे १५ हजार माणसे मृत्युमुखी पडली, तर ३ जून १९९१ रोजीच्या उद्रेकात ४३ जणांचा बळी गेला.

भूकंप हा या भूमीचा दुसरा स्थायीभाव. अशा प्रदेशात गार्सिया पोहोचले, तेव्हा नागासाकी हे बंदर नुकतेच, १५७१ मध्ये, परदेशी व्यापारासाठी खुले झालेले एक लहानसे गाव होते.

भाषेचे मोल

कोकणातील आणि जपानमधील धर्मप्रसाराच्या परिस्थितीत मोठा फरक होता. कोकणात त्यामागे पोर्तुगीज सत्तेचे पाठबळ होते आणि या सत्तेच्या आश्रयाने मंदिरे पाडली गेल्याचाही इतिहास आहे. जपानमध्ये पोर्तुगीजांकडे ना सैन्य होते, ना भूमी. दाइम्यो म्हणजे स्थानिक सरदारांच्या मर्जीवर सारे अवलंबून असे. तेथे पटवून देणे हा एकच मार्ग होता आणि त्यासाठी भाषा अवगत असणे अत्यावश्यक होते.

भाषा न कळल्यास काय घडते, याचा अनुभव झेवियर यांनी घेतला होता. अंजिरोच्या सल्ल्याने त्यांनी ईश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. तो बौद्ध परंपरेतील वैरोचन बुद्धाचा वाचक असल्याचे नंतर ध्यानात आले, तेव्हा शब्द बदलून लॅटिन ‘देउस’चे जपानी रूप स्वीकारावे लागले. पुढील काळातही अनेक युरोपीय धर्मगुरूंना जपानी भाषेतील आदरवाचक रूपांची गुंतागुंत वर्षानुवर्षे साधत नसे.

गार्सिया यांनी कोवळ्या वयात ही भाषा ऐकून, बोलून आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी जेझुइटांकडे धर्मशिक्षक म्हणून काम केले. जपानमधील ख्रिस्ती कार्यात अशा मदतनिसांचा मोठा वर्ग होता. जपानी मदतनिसांना ‘दोजुकु’ म्हणत. प्रवचनाचे भाषांतर करणे, मुलांना शिकवणे, आजाऱ्यांना भेटणे, धर्मगुरूंसाठी वाटाघाटी करणे अशी कामे ते करीत. मात्र ते संघाचे सदस्य नसत.

संघाची दारे बंद

गार्सिया यांची इच्छा जेझुइट होण्याची होती. त्यांना आशा दाखवण्यात आली, पण प्रवेश मिळाला नाही. त्या काळच्या धोरणाची पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी लागते. भारतात जन्मलेल्या स्थानिकांना आणि मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घेण्यास आशियातील वरिष्ठ जेझुइट प्रतिकूल होते. पूर्वेकडील कार्याचे निरीक्षक अलेस्सांद्रो वालिन्यानो यांचे मतही तसेच होते. १५६१ मध्ये पेरो लुईस या तमिळ ब्राह्मण तरुणाला मिळालेला प्रवेश हा अपवाद ठरला. याउलट जपानी तरुणांना संघात घ्यावे, असा वालिन्यानो यांचा आग्रह होता. जपानमध्ये जपानी माणसाला मिळू शकणारे स्थान वसईच्या माणसाला मिळणे अवघड होते.

गार्सिया यांनी मग जेझुइटांची साथ सोडून मकाऊला व्यापार सुरू केला आणि त्यात चांगला जम बसवला. भाषा आणि ओळखी यांचा तेथेही उपयोग झाला. परंतु मूळची ओढ कायम होती. व्यापारानिमित्त ते स्पेनच्या ताब्यातील मनिला येथे जाऊ लागले, तेथील फ्रान्सिस्कनांच्या संपर्कात आले आणि १५८०च्या दशकाच्या अखेरीस त्या संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. ब्रदर म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा न घेता संघाची व्रते पाळणारा सदस्य. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला नसतो. सेवा आणि श्रम हेच त्याचे कार्य असते.

दूत म्हणून पुनरागमन

जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा, असे फर्मान काढले होते. पण व्यापारावर परिणाम होऊ नये म्हणून त्याची कठोर अंमलबजावणी झाली नव्हती. पुढे त्यांनी मनिलाच्या स्पॅनिश सत्तेकडेही अधीनता मान्य करण्याची मागणी केली. तेव्हा तेथील गव्हर्नरने १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले. त्यात दुभाषी म्हणून गार्सिया यांची निवड झाली. कोरियावरील स्वारीसाठी हिदेयोशी यांनी क्युशूच्या उत्तरेस हिझेन प्रांतात नागोया नावाचा किल्ला बांधला होता. आजचे नागोया शहर ते हे नव्हे. तेथे ही भेट झाली.

फ्रान्सिस्कनांना क्योतोमध्ये राहण्याची मुभा मिळाली. त्यांनी तेथे चर्च उभारले आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये सुरू केली. एकेकाळी केवळ मदतनीस असलेले गार्सिया आता या सर्व व्यवहारांचे मुख होते.

संकट १५९६ मध्ये आले. सप्टेंबरमध्ये झालेल्या प्रचंड भूकंपात हिदेयोशी यांचा फुशिमी किल्ला कोसळला. पुढच्याच महिन्यात मनिलाहून मेक्सिकोकडे जाणारे ‘सान फेलिपे’ हे मौल्यवान मालाने भरलेले स्पॅनिश जहाज शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यातील माल जप्त झाला. स्पेन आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागाहून सैन्य, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूधारकाने मारल्याचे त्या वेळी सांगितले गेले. या प्रसंगाचा दोष कोणाचा, यावरून पुढे पोर्तुगीज आणि स्पॅनिश गटांत दीर्घ वाद झाला. हिदेयोशी यांनी मात्र फ्रान्सिस्कनांच्या अटकेचा आदेश दिला.

नागासाकीची टेकडी

जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत २४ बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी रोजी निशिझाका टेकडीवर या २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले.

या २६ जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि १७ जपानी प्रापंचिक होते. त्यांतील सर्वांत लहान, लुईस इबाराकी, अवघा बारा वर्षांचा होता. सहा फ्रान्सिस्कनांपैकी चौघे स्पेनचे, फेलिपे दे हेसुस हे मेक्सिकोचे आणि गार्सिया वसईचे. गार्सिया यांच्यासोबतच मरण पावलेल्यांत पॉल मिकी हे जपानी जेझुइट होते. जो संघ गार्सिया यांना लाभला नाही, त्याच संघाचे सदस्य त्यांच्या रांगेत उभे होते. मृत्यूसमयी गार्सिया यांचे वय सुमारे ४० वर्षे होते.

पुढील काळात जपानमधील ख्रिस्ती धर्मावरील निर्बंध अधिक कडक झाले. १६१४ मध्ये धर्मावर बंदी आली. १६२७ नंतरच्या काही वर्षांत धर्मत्यागाची सक्ती करण्यासाठी उन्झेन पर्वतावरील उकळत्या झऱ्यांचा छळासाठी वापर झाला. तरीही क्युशूच्या खेड्यांत काही कुटुंबांनी अडीचशे वर्षे गुप्तपणे धर्म जपला. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये ते प्रथमच उघडपणे पुढे आले. हे चर्च २६ हुतात्म्यांच्याच नावे आहे. या गुप्त ख्रिस्ती परंपरेच्या स्थळांना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

वसईतील स्मृती

वसईत गार्सिया यांचे नाव आजही प्रचलित आहे. त्यांच्या नावाचे महाविद्यालय तेथे आहे. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत स्थापन झाला, तर १ ऑगस्ट २०१४ पासून वसई तालुका ठाण्याऐवजी पालघर जिल्ह्यात मोडतो. कॅथलिक पंचांगानुसार दरवर्षी ६ फेब्रुवारीला या हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. मात्र तो दिवस ‘पॉल मिकी आणि सहकारी’ या नावाने ओळखला जातो. वसईचे गोन्सालो त्यातील ‘सहकाऱ्यां’मध्ये मोडतात.

निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये, संतपदाच्या घोषणेला शंभर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेले कांस्यशिल्प उभारण्यात आले. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथे भेट दिली. या शिल्पात धर्मगुरू, ब्रदर, सुतार, स्वयंपाकी आणि मुले असे सर्व २६ जण एकाच रांगेत, एकाच पातळीवर आहेत. वसईच्या दुभाष्याला हयातीत न मिळालेले बरोबरीचे स्थान तेथे मिळाले आहे.