ग्लुकोज दिसलं की दार आवळतं

ग्लुकोज मुबलक मिळालं की यीस्टची पेशी श्वसनाच्या वाटेला फारशी जातच नाही. ऑक्सिजन भरपूर असला तरी ती साखर आंबवते, अल्कोहोल बाहेर टाकते आणि भराभर वाढते. साखर संपली की मात्र त्याच अल्कोहोलवर गुजराण करावी लागते, आणि त्यासाठी मायटोकॉन्ड्रिया पूर्ण ताकदीनं चालावे लागतात. मग हा बदल पेशी घडवते कसा?

जनुकं चालू-बंद करून, हे जुनं उत्तर खरंच आहे. पण मला त्याहून विलक्षण वाटतं ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावर चालणारं नियंत्रण. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात सुमारे हजार प्रकारची प्रथिनं असतात आणि त्यांतली जेमतेम आठ तिथं तयार होतात. बाकीची पेशीद्रव्यात बनतात आणि बहुतेक सगळी ‘टॉम४०’ या नळीसारख्या प्रथिनातून आत शिरतात. ‘टॉम७०’ आणि ‘टॉम२२’ आलेलं प्रथिन ओळखून त्या नळीपाशी पोचवतात.

ही यंत्रणा सदा एकसारखी उघडी असते, असा समज बराच काळ होता. २०११ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठातील क्रिस माइसिंगर आणि निकोलाउस फानर यांच्या गटानं तो मोडला. ग्लुकोज असताना ‘प्रोटीन किनेझ ए’ हे एन्झाइम टॉम७० वर फॉस्फेट चिकटवतं. मग नव्या प्रथिनांना सांभाळून आणणारं ‘एचएसपी७०’ टॉम७० ला नीट जोडलं जात नाही, आणि आतल्या पटलासाठीची वाहक प्रथिनं कमी पोचतात. ‘केसिन किनेझ २’ची करणी नेमकी उलटी: ते टॉम२२ वर फॉस्फेट लावतं, त्यामुळे या दाराची जुळणी सुकर होते.

जनुकांचा मार्ग वेळखाऊ आहे. फॉस्फेट मात्र तयार प्रथिनावरच लागतो आणि काढताही येतो, म्हणून ही युक्ती मला इतकी मोलाची वाटते. २०१४ मध्ये तर पेशीविभाजनाशीही तिचं नातं उघड झालं. विभाजनाच्या काळात ‘सीडीके१’ हे एन्झाइम ‘टॉम६’ वर फॉस्फेट लावतं आणि प्रथिनांची आवक वाढते.

टॉमची ही यंत्रणा माणसातही आहे. निरोगी मायटोकॉन्ड्रियात ‘पिंक१’ हे प्रथिन तिच्यातून आत ओढलं जातं आणि नष्ट होतं. मायटोकॉन्ड्रिया बिघडला की ते दारातच साचतं आणि तो मोडीत काढण्याची खूण करतं. पिंक१ च्या जनुकात दोष असेल, तर ऐन तारुण्यातही पार्किन्सन होऊ शकतो.