फोटो किती साफ करायचा?

(फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या जव्हार-मोखाड्यातील तरुणांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, सुरुवात माझ्याच एका चुकीनं करतो. मोखाड्याकडच्या गावातून एक जण आला. आई वारली होती, दिवसकार्याला फोटो हवा होता. घरात तिचा धड फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. मी चेहरा वेगळा काढला, डाग पुसले, रंग उजळला. फोटो हातात घेऊन तो गप्पच बसला. मग म्हणाला, "दादा, कपाळावरचं गोंदण कुठं गेलं? आई म्हणायची, मेल्यावर बाकी काही येत नाही, गोंदण तेवढं येतं."

मी ते डाग समजून पुसलं होतं.

मोबाइलचं ब्युटी फिल्टर रोज हेच करतं. गोंदण, तीळ आणि पुटकुळी यांतला फरक त्याला कळत नाही. बारीक आणि गडद दिसलं, की ते आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतं. फरक आपल्याला कळायला हवा. त्यासाठी धंद्यात एक सोपा नियम आहे: पंधरा दिवसांत चेहऱ्यावरून आपोआप जाईल ते काढा, राहील ते ठेवा. पुटकुळी काढा, तीळ, व्रण, गोंदण ठेवा. वरच्या उन्हात सुरकुत्या आहेत त्याहून खोल दिसतात, त्या हलक्या करा, नाहीशा करू नका.

आता रंगाचं. "जरा गोरा करा" हे आपण सगळेच ऐकतो. पण आधी बघा, चेहरा काळा का आला? कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी धरतो. मागं पांढरा पडदा, अंगात पांढरा शर्ट असला, की त्याला उजेड जास्त वाटतो. तो फोटो अंधारा करतो आणि सावळा चेहरा त्यात बुडतो. तो उजेड परत देणं ही दुरुस्ती. ट्यूबलाइटची हिरवट झाक काढणं हीही दुरुस्ती. त्यापुढं जाऊन कातडीच बदलली, तर ती दुरुस्ती नव्हे.

रंगाला अर्थ चिकटतो. जून १९९४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून मुखपृष्ठावर छापला. 'न्यूजवीक'नं तोच फोटो तसा गडद न करता छापला. फरक लगेच दिसला आणि काळा म्हणजे गुन्हेगार असं सुचवल्याची टीका झाली. आपण न विचारता गोरं करतो तेव्हा दुसऱ्या बाजूनं तेच बोलतो.

ओळखपत्राच्या फोटोत उजेड आणि पार्श्वभूमी यापलीकडे हात लावू नका. कागदावरचा चेहरा आणि खिडकीसमोरचा माणूस जुळला नाही, तर मोखाड्याहून पालघरचा हेलपाटा त्यालाच पडतो.

काम वेगळ्या लेअरवर करा. शेवटी त्याची ओपॅसिटी निम्मी करून बघा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. झूम करून छिद्र न् छिद्र पुसत बसू नका, प्रिंटच्या मापात बघा. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका.

जिवंत माणूस सांगू शकतो, "हे राहू द्या." गेलेल्या माणसाचं घरच्यांना विचारा, आणि काम सुरू करण्याआधी विचारा. त्या दिवशी मूळ फाइल होती, म्हणून आईचं गोंदण परत आणता आलं.