चांद्रमातीतील वायू व सूर्याची उष्णता

चंद्रावर हवा नाही, हे प्राथमिक शाळेतील मुलांस ठाऊक असते. मात्र चंद्राच्या मातीतून वायू काढता येतील, असे ऐकताच चौकस मुले विचारतात, "जेथे हवाच नाही, तेथे वायू कोठून आले?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांजवळ तयार असावे.

येवला तालुक्यातील काळी जमीन बेसॉल्ट नावाच्या पाषाणापासून झाली आहे. चंद्रावर दिसणाऱ्या काळसर डागांच्या जागीही बेसॉल्टच आहे. आपली माती ऊन, पाऊस व जीवजंतू यांनी घडविली. चंद्राची माती उल्कांच्या आघातांनी खडकांचा चुरा होऊन बनली. सूर्याकडून हायड्रोजन, हेलियम इत्यादींच्या विद्युत्भारित कणांचा प्रवाह अखंड वाहत असतो. त्यास सौरवात म्हणतात. पृथ्वीस चुंबकीय क्षेत्राचे व वातावरणाचे कवच आहे. चंद्रास तसे नाही. म्हणून हे कण कोट्यवधी वर्षे तेथील मातीत रुतत आले. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी आणलेली माती प्रयोगशाळेत तापविली असता ते बाहेर पडले.

याकरिता सुमारे ७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पृथ्वीवरून इंधन नेणे फार खर्चाचे. परंतु चंद्रावरील दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांएवढा असून आकाशात ढग नसतात. अंतर्गोल आरशांनी ऊन एकवटून बंद पात्रातील माती तापवावी व वायू गोळा करावेत, अशी ही कल्पना आहे. अडचण अशी की, ही माती उष्णतेची दुर्वाहक आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरले. तेथे पृष्ठभाग तापलेला असता केवळ ८ सेंटिमीटर खोलीवर उणे १० अंशांच्या आसपास तापमान आढळले. म्हणून पात्रातील माती सतत ढवळावी लागेल.

पुढील हिशेब गणिताच्या तासास घ्यावा. १ टन मातीत हायड्रोजन अदमासे ५० ग्रॅम असतो. १ ग्रॅम हायड्रोजनापासून ९ ग्रॅम पाणी होते. म्हणजे एका टनापासून ४५० ग्रॅम, अर्ध्या लिटरहूनही कमी. ऑक्सिजन मात्र मातीच्या वजनाच्या शेकडा ४० हून अधिक आहे. पण तो खनिजांत घट्ट बांधलेला असल्याने इतक्या उष्णतेने सुटत नाही. इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजावर अधिक उष्णतेत हायड्रोजनाची क्रिया घडविल्यास पाणी मिळते. विजेने त्याचे विघटन केले की ऑक्सिजन श्वसनास मिळेल व हायड्रोजन पुन्हा कामी येईल.

प्रात्यक्षिक सोपे आहे. चैत्र-वैशाखात दुपारी शाळेच्या आवारातील कोरडी माती मुलांनी हलकेच हाताने चाचपावी. नंतर वीतभर खणून पाहावे. वरची माती पोळते, खालची त्यामानाने थंड लागते. तसेच कोरडी दिसणारी थोडी माती परीक्षानळीत शिक्षकांनी स्वतः तापवावी. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी आपल्या पावसाचे व हवेतील ओलाव्याचे आहे, सौरवाताचे नव्हे, हा भेद अवश्य सांगावा. परंतु मातीत न दिसणारा पदार्थ उष्णतेने बाहेर येतो, हे तत्त्व मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

चंद्रावर हे कार्य अद्याप झालेले नाही. "होऊ शकेल" व "झाले" यांतील अंतर मुलांस समजणे, हेच विज्ञानशिक्षणाचे खरे फळ होय.