जनुकाची वाहतूक आणि विद्युतप्रभाराचे गणित

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात जेमतेम सहा-सात महिन्यांच्या एका बाळाला शिरेतून एक औषध देण्यात आले. ते केवळ त्याच्यासाठीच तयार केलेले होते. जनुकातील एका दोषामुळे या बाळाच्या यकृतात अमोनियाचे युरियात रूपांतर नीट होत नव्हते. असा साठलेला अमोनिया मेंदूला घातक ठरतो. तीन मात्रांनंतर त्याला पूर्वीपेक्षा जास्त प्रथिने सोसू लागली, औषधेही कमी करता आली. कौतुक झाले ते जनुक दुरुस्त करणाऱ्या ‘क्रिस्पर’ तंत्राचे. ती दुरुस्ती यकृतापर्यंत नेणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म कणाचा उल्लेख ओझरताच झाला. खरे तर जनुकोपचाराचे घोडे वर्षानुवर्षे अडले होते ते या वाहतुकीपाशीच.

डीएनए आणि आरएनए या दोन्ही रेणूंवर ऋणप्रभार असतो. पेशीच्या बाह्य आवरणावरही ऋणप्रभारच. त्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. शिवाय उघडा आरएनए रक्तातील विकरे काही मिनिटांत तोडून टाकतात. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनप्रभारित मेद वापरून पाहिला. त्याने डीएनएला कवेत घेतले आणि तो पेशीलाही चिकटला. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत ही युक्ती छान चालली.

शरीरात मात्र गाडी अडली. रक्तातील बरीचशी प्रथिने ऋणप्रभारित असतात. ती या कणांना चिकटली, गुठळ्या झाल्या, त्या फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकल्या. प्रतिकारयंत्रणा खवळली. कायम धनप्रभारित असलेला मेद पेशींची आवरणेही बिघडवतो. प्रभार काढून टाकावा, तर कणात आरएनए नीट भरला जात नाही आणि तो पेशीत बाहेरही पडत नाही.

कॅनडातील व्हँकुव्हरचे पीटर कलिस आणि इतर संशोधकांनी यातून वाट काढली ती परिस्थितीनुसार प्रभार बदलणाऱ्या मेदाने. रक्ताचा सामू ७.४ असतो, तिथे हा मेद जवळजवळ उदासीन राहतो. पेशी कणाला एका छोट्या पिशवीत गिळते. ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते. सामू साधारण ६.४ च्या खाली गेला, की मेदावर धनप्रभार येतो. पिशवीच्या भिंतीतील ऋणप्रभारित मेदाशी तो जुळतो, भिंत फाटते आणि आतला माल पेशीत उतरतो. अर्थात सगळा नाही. एका मोजणीत पिशवीतून सुटलेला आरएनए शंभरात एक-दोन भाग एवढाच आढळला होता! तरीही तेवढ्यावर काम भागते. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे अशा कणातून दिले जाणारे पहिले आरएनए औषध अमेरिकेत मंजूर झाले. पुढे फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशी याच तत्त्वावर बनल्या.

रक्तात उदासीन राहणाऱ्या या कणावर ‘अपोलायपोप्रोटीन ई’ नावाचे प्रथिन चिकटते. यकृताच्या पेशी त्याला कोलेस्टेरॉलचा नेहमीचा कण समजून आत घेतात. फिलाडेल्फियातील बाळाचा आजार यकृताचा होता, हे एका अर्थी त्याचे नशीबच. २०२० मध्ये डॅलसच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले, की मिश्रणात कायम धनप्रभारित मेद घातला तर कण फुप्फुसात जातात आणि ऋणप्रभारित घातला तर प्लीहेत. कणावर रक्तातील कोणती प्रथिने चिकटतात, हे प्रभारानुसार बदलते आणि त्यावरून मुक्काम ठरतो.

गडचिरोली, नंदुरबारमधील सिकलसेलच्या रुग्णांना मात्र गरज आहे ती अस्थिमज्जेपर्यंत जाणाऱ्या कणाची. रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी तिथे असतात. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुकोपचारात या पेशी शरीराबाहेर काढून बदलाव्या लागतात. त्या परत सोडण्याआधी जबर केमोथेरपी देऊन मज्जा रिकामी करावी लागते. अमेरिकेत त्याची छापील किंमत २२ लाख डॉलर आहे. जिल्हा रुग्णालयातील रुग्णाच्या वाट्याला येते हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि गरजेनुसार रक्ताची बाटली. शिरेतून दिलेला कण थेट मज्जेत पोहोचला, तर केमोथेरपी टळू शकेल. कणांवर प्रतिपिंडे बसवून त्यांना मज्जेकडे वळवण्याचे प्रयोग उंदरांत यशस्वी झाले आहेत. माणसात मात्र शिरेतून सोडलेले हे कण अजून तरी बहुतांशी यकृतातच उतरतात.